तीन तारे, कापलेले दोन्ही डिलिव्हरीचे

या ऑनलाइन दुकानाच्या सुट्ट्यांच्या सेलमधून मी सलग तिसऱ्या वर्षी खरेदी केली. यंदा तीन वस्तू मागवल्या. आईसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र, माझ्यासाठी हेडफोन आणि भाच्यासाठी ५०० तुकड्यांचं जिगसॉ.

यंत्र सांगितलेल्या दिवशी आलं. सील शाबूत, पट्टा आईच्या दंडाला नीट बसला. हेडफोनही उत्तम. त्याची किंमत मी महिनाभर पाहत होते, रोज स्क्रीनशॉट काढून. सवलत खरी होती, पण पाटीवर दाखवली होती त्याच्या निम्मीच. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. तसा आकडा इथेही दिसला असता, तर स्क्रीनशॉट काढत बसावं लागलं नसतं.

जिगसॉचं मात्र मनाला लागलं. ऑर्डर करताना 'सुट्टीआधी मिळेल' असं लिहिलं होतं. पैसे भरल्यावर तारीख चार दिवस पुढे गेली, मग आणखी दोन. शेवटी एका सकाळी 'आउट फॉर डिलिव्हरी' दिसलं आणि संध्याकाळी 'ग्राहक घरी नाही'. मी दिवसभर घरातच होते. भाचा दहा वेळा दाराशी जाऊन आला. वस्तू आली तेव्हा तो परत गेलेला होता.

नंतर पान नीट वाचलं, तेव्हा कळलं की यंत्र आणि हेडफोन दुकानाच्या स्वतःच्या गोदामातून निघाले होते, जिगसॉ बाहेरच्या विक्रेत्याने पाठवलं होतं. ही ओळ किमतीखाली बारीक अक्षरात असते. सुट्ट्यांत भेटवस्तू घेताना आधी तीच वाचा.

उशिरासाठी सुट्ट्यांतल्या गर्दीचं कारण दिलं जातं, ते मला पटत नाही. 'सायबर मंडे', म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारचा ऑनलाइन सेल, हे नावच २००५ सालचं आहे. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या आकडेवारीनुसार एकट्या अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरची ऑनलाइन खरेदी २०२० मध्ये १८८.२ अब्ज डॉलर होती, २०२४ मध्ये २४१.४ अब्ज. दरवर्षी वाढणारी गर्दी ही, तिची तयारी आधीच करता येते. वस्तू पोचवणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही, त्याच्या पाठीवर त्या दिवशी किती पार्सलं लादली होती कोण जाणे.

परतीची मुदत सुट्ट्यांसाठी वाढवली आहे, ते फार चांगलं केलं. तक्रारीनंतर डिलिव्हरीचे पैसेही परत मिळाले. पण माझ्या ऑर्डरवर 'ग्राहक घरी नाही' हा शेरा अजून तसाच आहे. तो खोडला, की चौथा तारा देईन.