कॅलेंडरमध्ये मीटिंग ओढायची: ब्राउझरचा ड्रॅग-ड्रॉप की पॉइंटर इव्हेंट?

वेब कॅलेंडरमधली मीटिंग उचलून दुसऱ्या वेळेवर टाकता यावी, एवढंच हवं असतं. त्यासाठी रस्ते दोन. ब्राउझरचा तयार ड्रॅग-ड्रॉप वापरायचा, नाहीतर पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप (माउस किंवा बोट टेकलं, हललं, उचललं) या घटना ऐकून सगळा खेळ आपणच मांडायचा. मी दोन्ही लिहिलेत आणि वापरात आणलेत. ड्रॅगओव्हरमध्ये (ओढलेली वस्तू वरून जाताना येणारी घटना) प्रिव्हेंटडिफॉल्ट केलं नाही, म्हणजे ब्राउझरचं ठरलेलं वागणं थांबवलं नाही, तर ड्रॉप येतच नाही, वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. ते सोडून बोलतो.

तयार ड्रॅग-ड्रॉपला लोक उगाच नावं ठेवतात असं मला वाटतं. तो इंटरनेट एक्सप्लोरर ५ च्या काळातला, म्हणजे १९९९ चा. एचटीएमएल५ नं तो पुढे जवळपास आहे तसाच उचलला, त्यामुळे जुनी खोड जागोजागी दिसते. पण एस्केप दाबलं की ओढणं रद्द होतं, हे फुकटात मिळतं. डेस्कटॉपवरची फाइल मीटिंगवर आणून टाकायची असेल, तर दुसरा पर्यायच नाही. महिन्याच्या दृश्यात तर तो मस्त चालतो. तिथे फक्त तारीख बदलायची असते, चौकट म्हणजेच उत्तर. चौकटीतल्या आतल्या घटकावर गेलं तरी ड्रॅगलीव्ह (‘चौकट सोडली’ सांगणारी घटना) उडतो आणि रंग लुकलुकतो, पण त्यावर उपाय आहेत.

अडचण सुरू होते आठवड्याच्या दृश्यात, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

समजा तासाला ४८ पिक्सेल उंची आहे, म्हणजे पंधरा मिनिटांना १२. दहा ते बाराची मीटिंग तुम्ही मधोमध, अकराच्या रेषेवर पकडली आणि तिनाच्या रेषेवर सोडली. ती दोनला सुरू व्हायला हवी. पकडलेली जागा ठोकळ्याच्या माथ्यापासून किती खाली होती हे ड्रॅगस्टार्टला (ओढणं सुरू होताच) टिपून ठेवलं, तर हे गणित दोन्ही रस्त्यांनी सुटतं. सुटत नाही ते ओढताना दिसणारं चित्र. ब्राउझर ड्रॅगच्या सुरुवातीला ठोकळ्याचा फोटो काढतो आणि शेवटपर्यंत तोच बोटाखाली फिरवतो. त्यावर ‘१०:०० ते १२:००’ असं लिहिलेलं असतं ते तसंच राहतं. तो पंधरा मिनिटांच्या रेषांना चिकटत नाही, शेजारच्या वाराचा रकाना अरुंद असला तरी आकसत नाही. हातातला ठोकळा एक वेळ सांगतो, मागची जाळी दुसरी. वापरणारा बिचारा अंदाजानं सोडतो, मग उघडून वेळ तपासतो, मग पुन्हा ओढतो.

भर म्हणजे ड्रॅगओव्हर चालू असताना डेटाट्रान्सफरमधला (ओढणाऱ्या वस्तूसोबत जाणाऱ्या माहितीतला) मजकूर वाचता येत नाही, फक्त त्याचा प्रकार कळतो. मजकूर मिळतो तो ड्रॉप झाल्यावर. मीटिंग किती तासांची आहे हे कळल्याशिवाय जाळीवर तिची सावली कशी काढणार? मग एक व्हेरिएबल बाहेर ठेवा, ओढतानाचं चित्र ठरवणाऱ्या सेटड्रॅगइमेजला पारदर्शक चित्र द्या, खरा ठोकळा स्वतः रंगवा. मीही हे केलं आणि चाललंही. पण इतकं सगळं स्वतःच करायचं, तर ब्राउझरकडून घेतलं काय? शिवाय मीटिंगचं खालचं टोक ओढून ती लांबवायची असेल, तर हा ड्रॅग-ड्रॉप त्यासाठी बनलेलाच नाही. तिथे पॉइंटर लागतोच. एका ठोकळ्याला दोन यंत्रणा जोडायच्या आणि दोघींची भांडणं आपण सोडवायची.

पॉइंटरच्या बाजूनं काम जास्त आहे, हे मान्य. चार-पाच पिक्सेल हलल्याशिवाय ड्रॅग धरायचा नाही, सोडल्यावर मागून येणारा क्लिक गिळायचा, कडेला गेल्यावर स्क्रोल स्वतः करायचा, एस्केप स्वतः ऐकायचं. पॉइंटरकॅन्सल (ब्राउझरनं हालचाल मधेच तोडली, हे सांगणारी घटना) हाताळला नाही तर ठोकळा अधांतरी लटकतो. सेटपॉइंटरकॅप्चर केलं की बोट जाळीबाहेर गेलं तरी घटना आपल्याकडेच येतात. मग खाली कोणता घटक आहे हे विचारत न बसता सरळ एक्स-वायवरून वार आणि मिनिटं काढावीत. ओढता ओढता ठोकळ्यावरची वेळ बदलताना दिसते, आणि माझ्या अनुभवात ‘चुकीच्या वेळेवर पडली’ ही कुरकुर त्यानंतर जवळजवळ थांबली. मोजमाप केलेलं नाही, कानावर आलं ते सांगतो.

फोनवर मात्र जपून. ठोकळ्यांना टच-ॲक्शन नन (बोटानं स्क्रोल-झूम बंद करणारं सीएसएस) दिलं, की गच्च भरलेल्या दिवसावर बोट ठेवून पान सरकवता येत नाही. आणि बोट टेकल्यानंतर ते मूल्य बदललं, तर चालू हालचालीला लागू होत नाही. म्हणून मी आधी टॅप करून मीटिंग निवडायला लावतो आणि निवडलेल्या ठोकळ्यालाच नन देतो. एक टॅप वाढतो खरा. फुलकॅलेंडरसारखी लायब्ररी दाबून धरण्याचा मार्ग घेते, मूळ सेटिंग १००० मिलिसेकंदांचं. मला ते लांब वाटतं, पण कमी करता येतं. लायब्ररी चालणार असेल तर हा सगळा वादच तुमच्यापुरता मिटला.

तेव्हा महिन्याचंच दृश्य असेल, किंवा बाहेरून फाइली यायच्या असतील, तर तयार ड्रॅग-ड्रॉप खुशाल घ्या. वेळेची जाळी आली की मी तरी पॉइंटरकडेच जाईन.

कोणताही रस्ता घेतलात तरी मीटिंगच्या तपशिलात ‘वेळ बदला’ ठेवाच. ऑक्टोबर २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मधला (वेब अपंगांसह सर्वांना वापरता यावं यासाठीच्या नियमांमधला) २.५.७ हा निकष, एए या मधल्या पातळीवर, ओढण्याशिवायचा पर्याय मागतो. त्या बटणानं आणि पॉइंटरअपनं एकच फंक्शन बोलवावं: वेळ टकरते का पाहणारं, सर्व्हरला कळवणारं, आणि नकार आला तर ठोकळा जुन्या जागी नेऊन कारण दाखवणारं.