एसीची जेट सर्व्हिस, जळगाव: धुणं चांगलं, पाणी वाईट

मोटार लावून प्रेशरनं एसी धुण्याची सर्व्हिस जळगाव-भुसावळकडे आता सर्रास मिळते. घेण्याजोगी आहे. इनडोअरला प्लास्टिकची पिशवी बांधतात, त्यामुळे भिंत भिजत नाही. ब्लोअरही निघतो स्वच्छ.

कसोटी बाहेरच्या युनिटची. जिनिंगच्या हंगामात कापसाची रुई मागच्या फिनवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर, गोधडीसारखी बसते. ती आधी मऊ ब्रशनं वरून खाली ओढायची, मग पाणी आतून बाहेर. बाहेरून मारलं की रुई आणखी ठासते. नोझल तिरपं धरलं तर फिन वाकतात, हवा अडते आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत कॉम्प्रेसर ट्रिप होतो.

तक्रार बोअरच्या जड पाण्याची. वाळलं की पांढरा थर. शेवटची बादली नळाच्या पाण्याची द्या. आरओचं वाया जाणारं तर नकोच.

निळ्या लेपाच्या कॉइलला ॲसिड लावू देऊ नका. तो लेप मुळात रत्नागिरी-अलिबागच्या खाऱ्या हवेसाठी. तिथं मीठ ॲल्युमिनियम खातं, इथं ॲसिड खाईल.

‘गॅस कमी झालाय’ म्हणाले, तर फ्लेअर नटवर (तांब्याचे पाइप जोडणाऱ्या नटवर) साबणाचा फेस लावून बुडबुडे दाखवायला सांगा. गॅस संपत नाही, गळतो.