कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचं एम.टेक.: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लॅबमधल्या प्रायमावेराचं (बांधकामाचं वेळापत्रक मांडायचं सॉफ्टवेअर) लायसन्स संपलं. शेड्यूल सबमिट करायला आठ दिवस उरले होते. ऑफिसने लॅबकडे पाठवलं, लॅबने अकाउंट्सकडे, अकाउंट्सने सांगितलं की नूतनीकरणाची फाइल वर गेली आहे. तीन दिवस डोंबिवलीहून सकाळची गर्दीची गाडी पकडून फक्त एवढ्यासाठी गेले. चार वर्षं साइटवर उन्हात उभं राहून जमवलेली एफडी मोडून मी ही फी भरली आहे, त्यामुळे संताप झाला. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण मुंबईतल्या इतर कॉलेजांतल्या मैत्रिणीही हेच सांगतात.

सिलॅबस काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. पहिलं सेमिस्टर मला वाया गेल्यासारखं वाटलं. बीबीएस (सळया कापायचा-वाकवायचा तक्ता) मी साइटवर रोज काढायचे, सळईच्या दर मीटर वजनाला डी (व्यास) वर्ग भागिले १६२ हे सूत्र पाठ होतं, आरए बिलंही (काम चालू असतानाची टप्प्याटप्प्याची बिलं) करून झाली होती. काँट्रॅक्टचा विषय सुरू झाला तेव्हा मत थोडं बदललं. आमच्या आधीच्या साइटवर पावसाने काम थांबलं होतं आणि मुदतवाढ मिळाली नव्हती, कारण कुणी वेळेत लेखी नोटीस दिली नव्हती, पावसाचं रजिस्टरही नव्हतं. ते का हुकलं, हे मला वर्गात कळलं.

आता मुख्य गोष्ट, कॅलेंडर, म्हणजे शेड्यूलमध्ये कुठले दिवस कामाचे धरायचे ते. लायसन्स नाही म्हणून मी सगळं शेड्यूल हाताने मांडायला घेतलं. चार्टपेपर, पेन्सिल आणि तारखा मोजायला भिंतीवरचं कालनिर्णय. एक्सरसाइझमध्ये कुर्ल्यातली सात स्लॅबची इमारत होती, स्लॅबचा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) पाच मीटर, स्लॅबखाली लावायच्या प्लेटा आणि प्रॉपचा (टेकूंचा) एकच संच. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपेक्षा जास्त स्पॅनच्या स्लॅबखालचे प्रॉप १४ दिवस ठेवायचे, तेही साधं पोर्टलंड सिमेंट आणि पुरेसं क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) असेल तर. मी बोटाने दिवस मोजत गेले. माझी तारीख लॅबच्या मॅन्युअलमधल्या उत्तराशी जुळेना. तिसऱ्यांदा मोजल्यावर लक्षात आलं की मॅन्युअलमध्ये सगळ्या कामांना सहा दिवसांच्या आठवड्याचं एकच कॅलेंडर लावलं आहे. सुतार आणि फिटर रविवारी येत नाहीत, हे बरोबर. पण काँक्रीट रविवारीही घट्ट होतच असतं. सहा दिवसांच्या कॅलेंडरवर ते १४ दिवस निदान १६ होतात. प्रत्येक स्लॅबला दोन, सात स्लॅबला निदान १४ दिवस हवेत गेले. तेवढ्या दिवसांचं सेंट्रिंगचं (प्लेटा-प्रॉपचं) भाडं, वॉचमन, साइट ऑफिसचा खर्च कुणीतरी भरतंच ना?

हे एवढं महत्त्वाचं का वाटतं, तर मुंबईत एका कॅलेंडरवर कुठलंच काम चालत नाही. खोदाई आणि बाहेरचं प्लास्टर जून ते सप्टेंबर धरताच येत नाही. दिवाळीला गावी गेलेले बिहारचे कामगार छठपूजा करूनच परततात. आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्यांना गर्दीच्या वेळी शहरात बंदी, म्हणून स्लॅब रात्री घ्यावा म्हटलं, तर रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा आड येते. सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड, शेड्यूल मांडायची पद्धत) १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँटच्या कारखान्यांसाठी तयार झालं. पद्धत उत्तम आहे, फॉरवर्ड पास आणि बॅकवर्ड पास (तारखा सुरुवातीपासून पुढे आणि शेवटापासून मागे मोजणं) हाताने केल्यावर तिच्याबद्दलचा माझा आदर वाढला. पण त्यात दिवस कुठले घालायचे, ते आपल्या गावाने सांगायचं असतं.

चार्ट घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, "सर, कॅलेंडर चुकलंय." त्यांनी दोन स्लॅब स्वतः मोजून पाहिले. "बरोबर आहे तुझं. आता क्युरिंगला वेगळं, पावसाला वेगळं, छठला वेगळं लाव, आणि शेवटची तारीख कुठे येते ते बघ." संध्याकाळी साडेसातपर्यंत ते माझ्याबरोबर बसले. माझी फी कशासाठी होती असं कुणी विचारलं, तर मी त्या संध्याकाळचं नाव घेईन.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लायसन्स आलं. तेच शेड्यूल वेगवेगळ्या कॅलेंडरांवर चालवलं. मॅन्युअलच्या तारखांनी बाहेरचं प्लास्टर जूनमध्ये शिरत होतं, म्हणजे पावसाचं कॅलेंडर लावलं की उरलेलं काम थेट ऑक्टोबरात. क्युरिंगचं कॅलेंडर सुधारल्यावर तेच प्लास्टर मे संपायच्या आत बसलं. दोन रविवारांची गोष्ट चार महिन्यांवर गेली होती.

साइटवर निदान दोन वर्षं काढली असतील तर हा कोर्स घ्या, नाहीतर हे आकडे नुसते पाठ होतील. फी भरण्याआधी लॅबमध्ये जाऊन लायसन्स कधीपर्यंतचं आहे ते विचारा आणि तारीख लिहून घ्या.

नव्या बॅचच्या मॅन्युअलमध्ये अजून तेच एक कॅलेंडर छापलेलं आहे. ते पान बदलावं म्हणून मी विभागात लेखी अर्ज दिला आहे. शिक्का मारलेली पोच माझ्या फाइलला आहे.