जुनी जर्मन डिझेल: एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

पुढच्या चाकांचे दोन एअर सस्पेन्शन स्ट्रट (म्हणजे हवेच्या फुग्यासकट शॉक ॲब्सॉर्बर) आणि त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, मजुरी आणि जीएसटी धरून तीन लाख ऐंशी हजार. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने आकडा सांगितला आणि लगेच विचारलं, "सर, मग ॲप्रूव्हल देताय ना?" अख्खी गाडी मी नऊ लाख चाळीस हजारांत घेतलीये हो.

गाडी २०१४ ची. तीन लिटर, सहा सिलिंडर डिझेल, ऑटोमॅटिक, पुणे पासिंग, मी दुसरा मालक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातलं बरंचसं त्या सगळ्या जर्मन बिरादरीला लागू पडतं. हॉर्सपॉवर, टॉर्क, शून्य ते शंभर हे तुम्हाला पाठ असेलच, नाहीतर तुम्ही इथवर आला नसता.

नवी असताना ही साठ लाखांच्या घरातली गाडी. आज हॅचबॅकच्या किमतीत मिळते म्हणून आपण पाघळतो. पण दहा वर्षांत किंमत गाडीची उतरलीये, सुट्या भागांची नाही. बेलो (सस्पेन्शनचे हवेचे फुगे), सेन्सर, हेडलाइट, सगळं साठ लाखांच्या गाडीचंच लागतं आणि त्याच भावाने लागतं. मी घेतानाच दोन लाख बाजूला काढून ठेवले होते. बायको म्हणाली होती, तीन ठेव. तिचा तो आकडा हल्ली घरात वरचेवर ऐकू येतो.

आता सस्पेन्शनचं. यात स्प्रिंगऐवजी रबराचे हवा भरलेले बेलो असतात. रबर वयाने कडक होतं, घडीच्या जागी चिरा पडतात, हवा हळूहळू निसटते आणि गाडी रात्रीतून एका बाजूला खाली बसते. सकाळी स्टार्ट केली की कॉम्प्रेसर तिला उचलतो. चीर वाढली की तो जास्त वेळ चालतो, तापतो आणि शेवटी जळतो. त्यामुळे नुसता कॉम्प्रेसर बदलून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. गळती तशीच असेल तर नवाही जळणार. घेताना तपासायची युक्ती अगदी साधी आहे. गाडी रात्री जिथे उभी असते तिथे पहाटे न कळवता जा, चाकाचा मध्य ते मडगार्डची कड हे अंतर चारही बाजूंनी टेपने मोजा. आणि आधी बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम असेल तर मालकाने तुमच्या आधी स्टार्ट करून तिला उचलून ठेवलीये.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त छळलंय ते बटणांनी. काचांची बटणं, एसीची बटणं, गिअरभोवतालची पट्टी, सगळं चिकट. हाताला मऊ लागावं म्हणून प्लॅस्टिकवर जो रबरासारखा थर देतात तो पॉलियुरेथेनचा असतो आणि ऊन-दमटपणात त्याची रासायनिक फूट होते. जर्मनीतल्या थंडीत त्याने किती वर्षं काढली असती कोण जाणे, आपल्याकडे जूनमध्ये त्याचा चिक्की-गूळ झाला. काच खाली करायची तर बोट बटणाला चिकटतं. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर काळा डाग पडतो. साठ लाखांच्या गाडीत बसलेला पाहुणा एसी वाढवून गुपचूप रुमालाला बोट पुसतो, हे मी समोरच्या आरशात पाहिलेलं आहे.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, बटण सुटं येत नाही, पूर्ण एसी पॅनल घ्या, शिवाय ते गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखायला लावायचे, म्हणजे कोडिंगचे, वेगळे. अडुसष्ट हजार! मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी बनियन घेऊन बसलो. थर निघतो, खालचं प्लॅस्टिक छान गुळगुळीत आहे. मात्र बटणांवरची चिन्हं त्या थरातच कोरलेली असतात, थर गेला की पंखा, काच, रिसर्क्युलेशन सगळं पुसलं जातं. आता आमच्या गाडीत एसी तोंडपाठ चालतो: डावीकडून तिसरं म्हणजे पुढची काच. तसं चिन्हांवाचून काही अडत नाही. तरी विकणारा गाडी दाखवताना 'इंटिरिअर एकदम टकाटक' म्हणाला की आधी बटणावर अंगठा दाबून धरा. छताचं कापडही बघा. त्याच्या पाठचा फोम कुजला की ते मागच्या सीटवर लोंबायला लागतं.

इथपर्यंतचं लिहिलं तेव्हा गाडी पार्किंगमध्ये फतकल मारून बसली होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं. आता सूर थोडा बदलतोय.

ऑफिसातल्या एकाने भोसरीतले एक मिस्त्री सुचवले. पुण्यात या गाड्यांना हात घालणारी माणसं बऱ्यापैकी सापडतात. १९९५ मध्ये टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पिंपरीतल्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जुळवायला सुरुवात झाली आणि २००९ मध्ये मर्सिडीजचा चाकणचा कारखाना आला, त्याचाही हा परिणाम असावा, असा माझा अंदाज. मिस्त्रींनी साबणाचं पाणी फवारलं, पुढच्या दोन्ही बेलोंवर बुडबुडे दाखवले आणि म्हणाले, "साहेब, स्ट्रट ठीक आहेत. फुगा गेलाय. फुग्यासाठी अख्खा स्ट्रट कशाला टाकता?" बाहेरच्या कंपनीचे नवे बेलो, कॉम्प्रेसरमध्ये पिस्टनची नवी रिंग, ओल शोषणाऱ्या ड्रायरमधले दाणे बदलले, नवीन रिले. ब्याण्णव हजार. ब्याण्णव हजार रुपये दिल्यावर स्वस्तात सुटल्याचा आनंद होतो, इथवर माझी मजल गेलीये.

त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो: कंपनीच्या डब्यातला पार्ट आणि तो बनवणाऱ्याच्या डब्यातला पार्ट. फिल्टर मान किंवा माले यांचा, सस्पेन्शनचे आर्म लेमफोर्डरचे, हे बाहेरून त्यांच्याच डब्यात घेतले तर किमतीत बराच फरक पडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' म्हणून बदलतच नाहीत, तेही विसरा. असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदलायला सांगते. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये हे काम झालेलं दिसलं तर त्या मालकाला चहा पाजा आणि भाव फार पाडू नका.

दुरुस्तीनंतर कोल्हापूरला जाऊन आलो. सातारा ते कागल रुंदीकरणाचे ते डायव्हर्जन, ते सर्व्हिस रोड तुम्हाला माहीत आहेतच. गाडी दोन बोटं उंच करून घेतली आणि पाठीमागे बाबा झोपले होते ते झोपलेच राहिले. त्यांच्या कंबरेत गॅप आहे, एरवी कऱ्हाडला उतरून चालतात. खंबाटकीत ट्रकमागे अडकलो, जागा मिळाल्यावर नुसता पाय टेकवला आणि गाडी आवाज न करता पुढे. नव्या वीस लाखांच्या एसयूव्हीत बसून पाहिलंय; दार लावल्याचा तो आवाज तिथे नाही, ती शांतताही नाही. हायवेला १४ चं ॲव्हरेज मिळालं, शहरात नऊ मिळालं तर नशीब.

विम्याबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये, मग ती कोणतीही असो. तिथे रडगाणं नाही. खरी मेख आयडीव्हीत, म्हणजे विमा कंपनीने धरलेल्या गाडीच्या आजच्या किमतीत आहे. माझी साडेआठ लाख. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. दोन झेनॉन हेडलाइट, बंपर, रेडिएटर, बॉनेट आणि एअरबॅग या यादीतच तो आकडा ओलांडला जातो. म्हणजे नव्या गाडीत जी मध्यम ठोकर म्हणतात, तीत ही गाडी भंगारात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, या वयाला मिळणं कठीण, तेव्हा छोट्या क्लेममध्येही घसारा आपल्याच खिशातून.

दिल्ली पासिंगची डिझेल फार स्वस्त दिसेल. २०१५ चा हरित लवादाचा आदेश आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आलं, म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. एनओसी, इथला रोड टॅक्स वयानुसार कमी करून पण नव्याने, आरटीओच्या खेपा आणि एजंट हे सगळं किमतीत मिळवून मग हसा. मी इथलीच घेतली त्याचं समाधान आहे. आरसी २०२९ पर्यंत आहे, पुढे फिटनेस करून पाच वर्षं वाढवता येते.

भाचा अशीच एक बघून आलाय आणि रोज फोटो पाठवतोय. त्याला म्हटलं, आधी मिस्त्री ठरव, मग गाडी. घरात दुसरी चालू गाडी नसेल तर नादी लागू नकोस, कारण पार्ट यायला आठवडे लागतात आणि तेवढे दिवस रिक्षाच. पगाराच्या हप्त्यावर तर मुळीच नको. ईएमआय आणि बेलो एकाच महिन्यात आले की काय होतं, ते मी शेजारच्या सोसायटीत पाहिलंय.

माझी मी विकणार नाहीये, निदान इतक्यात नाही. मागचे दोन बेलो अजून पहिलेच आहेत आणि मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवलीये. दिवाळीचा बोनस त्या बेलोंच्या नावावर लिहून ठेवलाय. सोफा पुढच्या वर्षी, असं घरी सांगून झालंय.