आजोबांची शेव्हरोलेट आणि घासलेला चासी नंबर

"या जुन्या चासीवर पासिंग होतच नाही, बॉडी नव्या चासीवर चढवून घ्या" असं कोणी सांगितलं (चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पासिंग म्हणजे आरटीओची मंजुरी), तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. याच एका वाक्यावर विश्वास ठेवून मी 4,30,000 रुपये घालवले. पैशांपेक्षा मोठं काय गेलं, ते पुढे येईलच. नागपुरात आणि विदर्भात अजून बऱ्याच वाड्यांमध्ये, गोडाऊनमध्ये जुन्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आमची गाडी म्हणजे 1951 ची शेव्हरोलेट स्टाइललाइन. तेव्हा जनरल मोटर्सच्या गाड्या मुंबईत शिवडीच्या कारखान्यात जोडल्या जात, त्यातलीच ही. आजोबा डॉक्टर होते. त्यांनी ती घेतली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. दोन तुकड्यांची पुढची काच, सहा सिलिंडरचं साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी. बाबांनी 1990 च्या सुमारापर्यंत चालवली, मग ती नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात पोर्चखाली उभी राहिली. आरसी बुक, टॅक्सच्या पावत्या, सगळं बाबांनी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं.

ती पुन्हा चालवायची तर अडचणी खऱ्या होत्या. त्या इंजिनाला आजच्यासारखे बेअरिंगचे तयार, बदलता येणारे शेल नसतात, व्हाईट मेटल म्हणजे मऊ मिश्रधातू वितळवून ओतावा लागतो, आणि ते काम जाणणारे कारागीर आता फार थोडे उरलेत. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट नळीत बंद, त्याचे सील मिळत नाहीत. बाबा 81 वर्षांचे. एकदा याच गाडीतून रामटेकला जाऊन यायचं, एवढीच त्यांची इच्छा. नागपूरच्या उन्हात त्यांना न्यायचं तर एसी हवा, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. समोरच्याने नेमकं तेच हेरलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये ओळखीतून एक जण घरी आला. भंडारा रोडच्या बाजूला त्याचं शेड. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बोलायला गोड, गाडीखाली स्वतः झोपून पाहिली, दोन-चार गोष्टी अचूक सांगितल्या. मग म्हणाला, "काका, पन्नास वर्षं जुनी चासी कोण पास करन? बॉडी उचलू, पिकअपच्या चासीवर ठेवू. डिझेल इंजिन, पॉवर स्टेअरिंग, एसी, सगळं येते. वरून आजोबाची गाडी, खालून नवी. पासिंगचं माझ्यावर सोडा."

अपघातात गेलेली एक पिकअप त्याच्याकडे कागदपत्रांसह असल्याचं त्याने सांगितलं. एकूण साडेसहा लाख ठरले. 50,000 टोकन, चासीसाठी 1,80,000, इंजिन-गिअरबॉक्ससाठी 1,20,000, पुढे एसी आणि वायरिंगचे 80,000. यातले दीड लाखच यूपीआयने गेले, तेही दोन वेगवेगळ्या नावांवर. बाकी रोख. पावती मागितली की म्हणायचा, "शेवटी पक्कं बिलच देतो ना." पिकअपचं आरसी बुक मी तीनदा मागितलं. तीनदा मिळालं नाही, आणि तरी मी पुढचा हप्ता दिला.

आता कायद्याचं, कारण खोटं इथेच होतं. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. 50 वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला 5,000. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नवी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. रोजच्या वापराला अशी गाडी चालत नाही. पण अट एकच आणि फार स्पष्ट आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे आमची गाडी वाड्यात जशी उभी होती, तशीच या नियमाच्या दारात उभी होती. ज्या चासीवर पासिंग होत नाही म्हणून त्याने काढायला लावली, त्याच चासीमुळे पासिंग होणार होतं!

दुसरी बाजूही बंदच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठासून सांगितलं आहे. त्याच वर्षी आलेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला, हे लक्षात घ्या. हे सगळं मला माझ्या वकील मावसभावाने जून 2025 मध्ये दाखवलं. नोव्हेंबरमध्ये त्याला एक फोन केला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं.

जानेवारीत चेन ब्लॉक लावून बॉडी उचलली. मी तिथे होतो. बॉडी हवेत आणि खाली आमची मूळ चासी, चौऱ्याहत्तर वर्षांची, जाड पेटीसारख्या पट्ट्यांची, वरवर गंजलेली पण कुठेही न सडलेली. पुढे महिनाभर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले: काळ्याभोर रंगाची चासी, नवे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), नवे ब्रेक पाइप. त्या फोटोतली फरशी गुळगुळीत होती. त्याच्या शेडमध्ये मातीची जमीन आहे, आणि मी त्या मातीत दहादा उभा राहिलो होतो. फोटो पाहताना मात्र डोळा चासीवरच गेला, फरशीवर गेला नाही.

पाडव्याला द्यायची गाडी मेच्या शेवटी आली. चालत आली नाही, टोइंगच्या गाडीवरून आली. "पंप अडकला, दोन दिवसांत माणूस पाठवतो." बाबा काठी घेऊन पोर्चमध्ये आले आणि त्यांनी पुढचं दार लावून पाहिलं. त्या दाराचा एक जड, बंद आवाज होता, आमच्या घरात लहानाचे मोठे झालेल्या सगळ्यांना तो माहीत आहे. दार लागलंच नाही. खालच्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली. बाबा काही बोलले नाहीत. मग ते मागच्या चाकापाशी गेले. चाक मडगार्डच्या कमानीच्या मधोमध नव्हतं, चार बोटं पुढे सरकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी आमच्या गाडीचं काम फार पूर्वी केलं होतं. ते दोन तास गाडीखाली होते. बॉडी आणि चासीच्या मध्ये रबराचे माउंटिंग असायला हवेत, म्हणजे चासी पिळली तरी बॉडीवर ताण येत नाही. इथे अँगल पट्ट्या ठोकून बॉडी थेट चासीला वेल्डिंग केली होती. दार त्यामुळेच लागत नव्हतं. टोइंगच्या गाडीवर चढता-उतरताना चासी पिळली, तिच्याबरोबर बॉडीही.

मग त्यांनी मला खाली बोलावलं. चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर मध्यभागी रंग थोडा फुगलेला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर खाली पुट्टी निघाली, आणि पुट्टीखाली वेल्डिंगची सरळ उभी रेघ. पुढे तशीच दुसरी. मधला तुकडा मी टेपने मोजला: 240 मिलिमीटर. आमच्या शेव्हरोलेटचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 115 इंच, म्हणजे 2921 मिलिमीटर. त्यातून 240 वजा केले की उरतात 2681. जुन्या बोलेरोचा व्हीलबेस 2680 आहे. म्हणजे ही पिकअपची चासी नव्हतीच. बोलेरोची चासी मधोमध कापून तुकडा जोडला होता. चासी वाढवायचीच तर काप तिरका घेतात, आतून पट्टी बसवतात, बाहेरून टोकं निमुळती केलेल्या प्लेटा लावतात, कारण सरळ उभ्या कापावर सगळा ताण एकाच रेषेत येतो. मिस्त्री म्हणाले, "बापा, भरल्या गाडीत हे मधातून मोडलं असतं." माझ्या डोळ्यांसमोर रामटेकचा रस्ता आला.

शेवटचं सर्वांत वाईट. चासी नंबर जिथे ठोकलेला असतो तिथे त्यांनी थिनरचं फडकं फिरवलं. काळा रंग गेला आणि खाली लोखंड चकचकीत, त्यावर ग्राइंडरच्या बारीक अर्धगोल रेघा. एकही आकडा नाही. रीतसर भंगारात गेलेल्या गाडीची चासी असती तर नंबर घासायची गरज काय होती? ती चोरीची आहे की नाही, मला आजही माहीत नाही. पण माझ्या वाड्यात नंबर घासलेली चासी उभी होती, हे त्या क्षणी कळलं आणि हातपाय गार पडले.

त्याला फोन केला. आधी "करून राहिलो ना काका", मग "तुम्हीच जुगाड मागितलं होतं", मग फोन बंद. शेडवर गेलो तर कुलूप. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने सांगितलं की आमची मूळ चासी फेब्रुवारीतच भंगाराच्या गाडीत गेली, आणि आमचं मूळ इंजिनही. दाराच्या खांबावरची कारखान्याची नंबरपट्टी तेवढी बॉडीसोबत उरली.

त्याच आठवड्यात मी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन नंबर घासल्याचं लेखी दिलं, आणि तुमच्या बाबतीत असं झालं तर पहिलं काम हेच करा. लपवलं तर संशय तुमच्यावर येतो. फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 आणि विश्वासघाताची कलम 316 खाली दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तिथे माझ्या बाजूने काय टिकलं? यूपीआयचे दीड लाख, व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आणि आमच्या गाडीचं आरसी बुक. रोख दिलेल्या 2,80,000 रुपयांसाठी माझ्याकडे माझा शब्द आहे, दुसरं काहीच नाही.

म्हणून कळकळीने सांगतो. काम कोणाकडूनही करून घ्या, पण काढलेली चासी आणि इंजिन त्याच दिवशी टेम्पो करून घरी आणा, जागा नसेल तर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे ठेवा. दुसऱ्या गाडीचा भाग येणार असेल तर तिचं आरसी बुक आणि ठोकलेला नंबर स्वतः डोळ्यांनी जुळवल्याशिवाय रुपयाही देऊ नका. रंग लावण्याआधी वेल्डिंग बघायला जा, काळ्या रंगानंतर काही दिसत नाही. आणि बॉडी उचलण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. व्हिंटेज नोंदणीची माहिती मला तिथे खिडकीवर विनामूल्य मिळाली, फक्त सात महिने उशिरा.

घासलेली चासी आता पोलिसांच्या ताब्यात आहे. बॉडी तिच्यापासून कापून काढली आणि लाकडी ओंडक्यांवर पोर्चखाली ठेवली आहे. मूळ चासी अजून वितळली नसेल अशी मला आशा आहे, कारण अशा जाड पट्ट्या ट्रॉली बनवणारेही घेतात. तिच्या उजव्या पट्टीवर मागच्या पाट्याच्या पुढे बाबांनी 1978 मध्ये लावलेली वीतभर लोखंडी पट्टी आहे, चार रिबिटांची, आणि तिसऱ्या रिबिटाचं डोकं अर्धं तुटलेलं. कळमना, कापसी, पारडी, वाडी, हिंगणा, कुठल्याही भंगारात किंवा एखाद्या ट्रॉलीखाली अशी पट्टी दिसली तर कृपा करून मला कळवा. भंगाराच्या दुप्पट भाव मी रोख देईन, आणि पावती घेऊन देईन.