दारातली इको, दोन कॅमेरे आणि नऊ महिने

आमचं घर नाशिकच्या सिडकोत. सिडकोच्या योजना ज्यांनी पाहिल्यात त्यांना फार सांगायला नको. मूळ घरं छोटी, पुढे ज्याने त्याने वर मजले चढवले, गल्ली मात्र होती तेवढीच राहिली. आता दारागणिक एक चारचाकी आणि दोन दुचाक्या. पार्किंग म्हणजे गाडी भिंतीला चिकटवायची, ड्रायव्हर बाजूचा आरसा मिटवायचा आणि देवाचं नाव घेऊन झोपायचं.

आमची गाडी सेकंडहँड मारुती इको व्हॅन. बायकोचा डब्यांचा व्यवसाय आहे, रोज सकाळी अंबड एमआयडीसीत साठेक डबे पोचवायचे असतात. गाडी एक दिवस बंद म्हणजे त्या दिवसाचा धंदा पाण्यात. त्यात इकोवाल्यांच्या मागे एक खास भुणभुण असते, सायलेन्सरची. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू थोड्या प्रमाणात असतात. चोर गाडीखाली शिरतात, पान्याने नटबोल्ट काढतात आणि आतली ‘माती’ विकतात. गाडी उंच असल्याने जॅकही लावावा लागत नाही. अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या बऱ्याच वेळा वाचल्या होत्या, पण मागच्या गल्लीतली एक इको सकाळी ट्रॅक्टरसारखी धडधडत सुरू झाली, तेव्हा बायको म्हणाली, “आता कॅमेरा घ्याच.” ही गेल्या जूनमधली गोष्ट.

पहिली चूक स्वस्तात झाली, फक्त 1,600 रुपयांत. घरात ठेवायचा, मान फिरवणारा कॅमेरा घेतला आणि हॉलच्या खिडकीत काचेच्या आतून गल्लीकडे तोंड करून ठेवला. दिवसा चित्र सुरेख. रात्री नुसतं पांढरं धुकं. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे समोरच्या काचेवरून उलटून त्याच्याच डोळ्यात जातात. ते दिवे बंद करावेत तर अंधार. चार दिवस काच पुसून पाहिली, शेवटी तो स्वयंपाकघरात गेला. आता तो दूध उतू जाताना दाखवतो, ते गेल्यानंतर.

मग बाहेरचा घेतला. 3 मेगापिक्सेल, आयपी66 म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा, आत मेमरी कार्ड बसणारा, 2,900 रुपयांना. बसवायला वायरमन आला आणि म्हणाला, “भाऊ, वरच लावू ना, दुसऱ्या मजल्यावरून अख्खी गल्ली दिसंल.” मलाही पटलं. अख्खी गल्ली दिसलीच. पण माणसं दिसली ती टोपी, टक्कल आणि हेल्मेट एवढीच. माझा सख्खा भाऊ गाडीजवळ उभा होता, तो मला त्याच्या चपलेवरून ओळखू आला. महिन्याने तोच वायरमन परत बोलावला आणि कॅमेरा दहा फुटांवर, सज्जाच्या खाली आणला. नऊ-दहा फूट हे अंतर बरोबर वाटतं. हात सहज पोचत नाही आणि चेहराही कळतो.

त्या वायरमनने एक काम मात्र फार चोख केलं. भिंतीला भोक पाडताना बाहेरून आत किंचित चढतं ठेवलं, आणि वायर भोकात जाण्याआधी तिला खाली झोळ दिला. पाऊस वायरीवरून ओघळतो आणि झोळाच्या तळाशी टपकतो, भोकात शिरत नाही. कॅमेऱ्याच्या शेपटीचे, म्हणजे मागून निघणाऱ्या वायरीचे, जोड त्याने प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये घातले आणि बॉक्सची फट एम-सीलने बुजवली. शेजारच्या गल्लीत याच पावसाळ्यात दोन कॅमेरे गेले, दोघांचेही जोड उघडे लटकत होते. कॅमेऱ्यावर आयपी66 लिहिलेलं असतं ते कॅमेऱ्यापुरतं, त्या शेपटीची जबाबदारी आपली.

वायफायने दोन संध्याकाळी खाल्ल्या. असे बहुतेक स्वस्त कॅमेरे 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात. आमच्या राउटरवर 2.4 आणि 5 दोन्हींचं नाव एकच होतं, मोबाइल 5 वर चढून बसायचा आणि कॅमेरा जोडलाच जायचा नाही. दोन्हींना वेगळी नावं दिली आणि एका मिनिटात काम झालं. सिग्नल तरी अशक्त होता, कारण राउटर टीव्हीच्या मागे, मध्ये दोन भिंती. राउटर उचलून खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. सिग्नल वाढवणारा एक्स्टेंडर घेणार होतो, ते पैसे वाचले.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि टू-स्टेप पडताळणी चालू करा, एवढं सांगून पुढे जातो.

जुलै-ऑगस्ट हा काळ कोळ्यांचा. रात्री इन्फ्रारेडवर किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि कोळी बरोबर काचेपुढे जाळं विणतो. एका रात्री मोबाइलवर 47 सूचना आल्या. प्रत्येक वेळी “हालचाल आढळली” आणि उघडून पाहिलं तर पडदाभर एक केसाळ तंगडी. सूचना फक्त माणूस दिसल्यावर, आणि त्याही गाडीभोवतीच्या चौकोनातच, असं लावल्यावर रात्रीला दोन-तीनवर आलं. तरी दर रविवारी काठीला फडकं बांधून जाळं काढावंच लागतं. कॅमेऱ्याला देखभाल नसते असं सांगणाऱ्याच्या घरी कॅमेरा नसावा.

समोरच्या काकूंनी त्याच सुमारास मला हटकलं. “का रे, तुझा तो डोळा आमच्या दाराकडं का बघतो?” प्रश्न रास्त होता. त्यांचं दार, ओटा, वाळत घातलेले कपडे, सगळं माझ्या चित्रात येत होतं. घरगुती वापराला 2023 चा डेटा संरक्षण कायदा लागू नाही हे मला माहीत होतं, पण कायदा दाखवून शेजार टिकत नाही. ॲपमध्ये चित्राचा नको तो भाग काळा करायची सोय असते. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्यासमोर तो भाग काळा केला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “दार झाक, पण कुंड्या राहू दे. गुलाब कोण तोडतं ते बघायचंय मला.” तेव्हापासून काळा चौकोन कुंड्यांच्या बरोबर वर संपतो.

कार्डाचा धडा गणपतीत मिळाला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बॉनेटवर नाण्याने ओढल्यासारखी रेघ दिसली. हौसेने रेकॉर्डिंग उघडलं तर गेल्या अकरा दिवसांचं काहीच नाही. लाइव्ह चित्र रोज दिसत होतं, त्यामुळे शंकाही आली नव्हती. मी मोबाइलमधलं 600 रुपयांचं साधं कार्ड टाकलं होतं, रात्रंदिवस लिहून लिहून ते तीन महिन्यांत बसलं. आता खास कॅमेऱ्यांसाठीचं, हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं 128 जीबीचं कार्ड आहे, 1,400 रुपयांचं. माझ्या सेटिंगवर दिवसाला साधारण 13 जीबी लागतात, म्हणजे नऊ-दहा दिवसांचं साठतं आणि मग जुन्यावर नवं चढतं. फक्त हालचालीचं रेकॉर्डिंग ठेवलं तर महिनाभर पुरेल, पण त्यात सुरुवातीचे दोन-तीन सेकंद हमखास गाळले जातात आणि नेमकं त्यातच धडक झालेली असते. म्हणून अखंड ठेवलंय. रविवारी फडकं मारून झालं की दोन दिवसांपूर्वीचं काहीतरी उघडून बघतो. ती रेघ कोणाची, ते गणपतीलाच माहीत.

आता नोव्हेंबरची रात्र. पहाटे 4 वाजून 50 मिनिटं, रेकॉर्डिंगवर वेळ आहे. एक पिकअप टेम्पो गल्लीत उलटा येतो. आधी मागच्या लाल दिव्याचा उजेड भिंतीवर, एकच, दुसरा फुटलेला. मग आमची इको एकदा हलते, झोपलेल्या माणसाला कोपर लागावं तशी. आरसा मिटवायचा मीच त्या रात्री विसरलो होतो. टेम्पो थांबतो. डाव्या बाजूने क्लीनर उतरतो, खाली वाकून आरशाचं तुटलेलं कव्हर उचलतो, पँटला पुसतो आणि जपून आमच्या बॉनेटवर ठेवतो. मग दोघं निघून जातात. मी ती चित्रफीत निदान तीस वेळा पाहिली असेल. राग यायच्या जागी दर वेळी त्या पुसण्यापाशी अडकतो.

नंबर? नंबर प्लेटच्या जागी लखलखीत पांढरा आयत. मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, पण दोष तसा त्याचा नव्हता. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना येणारी हाय सिक्युरिटी प्लेट उजेड परतवणाऱ्या फिल्मची असते. समोरून इन्फ्रारेड पडला की सगळा उजेड कॅमेऱ्याकडे परत येतो आणि आकडे पुसले जातात. अंधारात गाडी दिसते, माणूस दिसतो, फक्त जे हवं तेच दिसत नाही. टेम्पोच्या मागे “आई-वडिलांचा आशीर्वाद” स्पष्ट वाचता येत होतं. एवढ्यावर शोधायला निघालो असतो तर निम्मा महाराष्ट्र पालथा घालावा लागला असता.

टेम्पो सापडला तो त्या फुटलेल्या दिव्यावरून आणि वर बांधलेल्या मंडपाच्या बांबूंवरून. लग्नसराई सुरू होत होती, मागच्या गल्लीत मंडपवाला आहे, त्याच्याकडे संध्याकाळी तोच टेम्पो उभा. चित्रफीत दाखवल्यावर ड्रायव्हर दादाने वाद घातला नाही. आरसा आणि दाराचा रंग मिळून 3,500 खर्च, त्याने दोन हप्त्यांत 2,500 दिले. विम्याकडे गेलो नाही. एवढ्याशा रकमेसाठी क्लेम टाकला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो, माझा 35 टक्क्यांवर पोचलाय.

त्यानंतर दुसरा कॅमेरा घेतला, तसलाच, पण कामाची वाटणी वेगळी. तो गेटच्या खांबावर साडेपाच फुटांवर आहे, गल्लीच्या तोंडाकडे बघतो आणि त्याचे इन्फ्रारेड दिवे बंद आहेत. उजेडासाठी सज्जाखाली 9 वॅटचा बल्ब, अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडलं की विझणारा. होल्डरसकट 350 रुपये. आता रात्रीही चित्र रंगीत येतं आणि सावकाश जाणाऱ्या गाडीचा नंबर बऱ्यापैकी वाचता येतो. भरधाव दुचाकीचा नाही, ती नुसती रेघ उमटते. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात पैसे सर्वांत जास्त वसूल झाले ते या बल्बचे. आमच्या दारातल्या अंधारात रात्री अकरानंतर गाडीला टेकून सिगारेट ओढणारी मंडळी बसायची, बल्ब लागल्याच्या आठवड्यात ती पुढच्या वळणावर गेली. कॅमेरा तर त्यांच्या डोक्यावर पाच महिने होताच, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं.

वीज गेली की वायफाय जातं आणि कॅमेराही आंधळा होतो. राउटर आणि वरचा कॅमेरा दोन्ही 12 व्होल्टचे असल्याने दोघांना मिळून एक मिनी यूपीएस बसवला, 1,400 रुपयांचा. दोन-सव्वादोन तास निघतात. घेण्यापूर्वी आपल्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, काही कॅमेरे 9 किंवा 5 व्होल्टचे असतात. खालचा कॅमेरा बॅकअपवर नाही, तेवढी वायर ओढायचा कंटाळा केला.

जानेवारीत पलीकडच्या गल्लीत सोनसाखळी गेली तेव्हा पोलीस चित्रण मागायला आले. कॉपी करून दिली आणि मूळ कार्ड काढून बाजूला ठेवलं. न्यायालयात असं चित्रण द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं, पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या कलम 65ब सारखं. म्हणजे मूळ कार्डावर नवं चढू द्यायचं नाही आणि कॅमेऱ्याची वेळ बरोबर असायला हवी. माझी चार मिनिटं पुढे होती, तेव्हाच दुरुस्त केली.

हिशोब मागणाऱ्यांसाठी: आतला कॅमेरा 1,600, बाहेरचे दोन 5,800, चांगली कार्डं 2,800, बाद झालेलं 600, यूपीएस 1,400, बल्ब 350, वायर, बॉक्स आणि वायरमनच्या दोन फेऱ्या 1,350. एकूण 13,900. शहाणपणाने केलं असतं तर अकरा-साडेअकरा हजारांत झालं असतं. विजेला महिन्याला दहा युनिटच्या आसपास. क्लाउडची, म्हणजे चित्रण इंटरनेटवर साठवायची, वर्गणी घेतलेली नाही. पण चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्यासोबत जाईल, हे मान्य करून.

आणि सायलेन्सर? तो अजून जागेवर आहे, पण त्याचं श्रेय मी कॅमेऱ्याला देणार नाही. ऑगस्टमध्येच मेकॅनिकने खालून लोखंडी पट्ट्या मारून नटबोल्ट झाकून टाकले, अर्ध्या तासाचं काम. कॅमेरा फक्त बघतो, पट्टी आडवी येते. तसंही भिंत आणि गाडी यांच्यामधली दीड फुटाची फट दोन्ही कॅमेऱ्यांना दिसत नाही. तिथे सध्या काकूंची मांजर झोपते, आणि गुलाब तोडणारा अजून सापडलेला नाही.