इंदूरमध्ये गाडीत स्टिरिओ बसवताय? माझे 56,700 गेले, आधी हे वाचा

बाहेरून स्टिरिओ बसवणाऱ्यांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, माल स्वस्त सांगायचा, पक्कं बिल टाळायचं आणि कमाई वायरिंगमध्ये काढायची. मलाही माहीत होती. तरी लुटला गेलो, कारण या माणसाने आधी गाडी बिघडवली आणि मग तीच दुरुस्त करायचे परत पैसे घेतले. लिहिताना अजून डोकं तापतंय.

वॅगनआरमध्ये अँड्रॉइड स्टिरिओ 14,500, अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) आणि सबवूफर 11,800, 'प्युअर कॉपर 4 गेज' म्हणजे शुद्ध तांब्याच्या जाड केबलचं वायरिंग किट 3,200, फिटिंग 1,500. झाले 31,000. आमच्या राजेंद्रनगरातल्या ओळखीच्या लोकांनी याच दुकानातून काम करून घेतलेलं, तिथे कायम गर्दी, म्हणून विश्वास ठेवला. पक्कं बिल मागितलं तर दुकानदार म्हणे जीएसटी वेगळा लागेल, क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याच बाईचं आलं, तर म्हणे "भैया, घर का ही खाता है". असं नाव आलं की तिथेच थांबा, पुढे कोण कुणाचं हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

थोड्याच दिवसांत स्टिरिओ मध्येच बंद पडायला लागला. गेलं की तिथला पोरगा फ्यूज बदलून द्यायचा, पैसे घ्यायचा नाही, मला वाटलं सर्व्हिस चांगली आहे. नंतर कळलं की निळा 15 अँपियरचा काढून त्याने हिरवा 30 चा ठोकला होता. अरे, फ्यूज उडतो तेव्हा तो वायर वाचवत असतो, मोठा टाकला की फ्यूज टिकतो आणि वायर जळते! कुणीही फ्यूज बदलला की रंग बघा.

मग उज्जैनला जाताना सांवेरच्या पुढे आई मागच्या सीटवरून म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय रे." स्टिरिओच्या मागून धूर. गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. आई आणि लहान पोरगी गाडीत होती, काय होऊ शकलं असतं ते मला इथे लिहवत नाही.

स्टिरिओचा फ्यूज काढून टाकून कशीबशी इंदूरला आणली. परत त्या दुकानदाराकडेच का नेली असं लोक विचारतात. कारण वॉरंटी त्याचीच होती, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने कापलेल्या वायरी बघून हातच लावला नाही, मग जायचं कुठे? त्याने तोंड पाडून सांगितलं, "पूरा हार्नेस गया, ईसीएम भी चेक करना पड़ेगा, गाड़ी में आग लग सकती है." हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. वॉरंटी म्हणे सामानाची, वायरिंगची नाही. हार्नेस 18,600, ईसीएम चेकिंग 2,400. धूर डोळ्यांनी पाहिलेला माणूस अशा वेळी घासाघीस करत नाही, मी 21,000 दिले.

सकाळी गाडी दिली आणि दुपारी चारच्या आत फोन, ले जाओ. हार्नेस बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड खाली उतरवावा लागतो, असं काम अर्ध्या दिवसात उरकत नाही. आणि माझ्या डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती जागचा हललेला नव्हता, त्याच्या पायाशी अडकलेली वाळकी दूर्वासुद्धा तशीच, ग्लोव्हबॉक्सच्या स्क्रूंवर धूळ तशीच. जुना हार्नेस मागितला तर "कबाड़ी ले गया". एवढं तांबं त्याच दिवशी भंगारात गेलं? तिथेच सगळं दिसत होतं, माझ्या डोळ्यांसमोर होतं, आजही रात्री ती दूर्वा आठवते आणि झोप उडते. पण सासऱ्यांना त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं, बायकोचे फोनवर फोन, स्टिरिओ वाजत होता, धूर नव्हता. अशा वेळी कोण स्क्रू तपासत बसतं?

पुन्हा वास यायला लागला तेव्हा रामबागेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने माझ्यासमोर सगळं उघडलं. हार्नेस जुनाच, वर नवी टेप गुंडाळलेली. कंपनीचा कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडायचा प्लग, कापून वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या. अँपची जाड लाल केबल डिकीत दिसायला छान, पण बॅटरीपर्यंत गेलेलीच नाही, कार्पेटखालून येऊन स्टिरिओच्या मागच्या बारीक पिवळ्या वायरला जोडलेली! सगळा लोड त्या एका वायरवर. केबल ब्लेडने खरवडली तर आत चांदीसारखी, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. खोक्यावर 4000 वॉट छापलंय आणि अँपला फ्यूज 30 चे दोन, 60 गुणिले 14 व्होल्ट म्हणजे 840 वॉट, त्याच्यावर ते यंत्र जाणारच कसं? त्याने 4,700 घेतले, कपलर लावून, बॅटरीपासून नवी केबल आणि टर्मिनलच्या अगदी जवळ फ्यूज. बिल दिलं.

ठाण्यात गेलो तर "ये तो लेन-देन का मामला है, कंज्यूमर में जाओ". अर्जाची पोच मागितली तर साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलो तर ज्याने ऐकलं होतं त्याची ड्यूटी बदललेली, परत पहिल्यापासून सांगा. ऑनलाइन तक्रार टाकली, ती मला एक फोन न करता 'समाधान झाले' म्हणून बंद. कुणाचं समाधान झालं? इन्शुरन्सवाले म्हणाले इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीत नाही आणि स्टिरिओ तुम्ही पॉलिसीत दाखवलाच नव्हता. चालत्या गाडीत कुटुंब होतं याचं कुणालाच काही नाही, आणि त्या दुकानात आजही गाड्यांची रांग आहे.

काम चालू असताना चहाला जाऊ नका, समोर उभे राहा. बॉनेट उघडून अँपची केबल बॅटरीला लागलीय का ते स्वतः बघा. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. कपलरवर काम करत नाही म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. बाहेरून बसवलेला स्टिरिओ पॉलिसीत लिहून घ्या, थोडा जास्त प्रीमियम पडतो. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते.

मी टाकली आहे. यूपीआयचे स्क्रीनशॉट, कच्च्या चिठ्ठ्या, इलेक्ट्रिशियनचं बिल आणि डॅशबोर्ड उघडताना काढलेला व्हिडिओ जोडलाय. दुकानदाराला नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला, 10,000 घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं, पूर्ण 56,700 पाहिजेत.